उत्पादन वाढलं म्हणजे विहिरी सुधारल्या का?

आमच्या सिंदेवाहीकडे धानाबद्दल दोन प्रश्न वेगवेगळे विचारतात: यंदा एकूण किती पोती झाली, आणि एकरी किती? तेलाचे आकडे वाचताना मात्र आपण हे दोन्ही प्रश्न एकच समजतो.

मुंबई हाय बघा. तिथे 1974 मध्ये तेल सापडलं, 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. देशाचं कच्च्या तेलाचं उत्पादन 1980-81 मध्ये सुमारे 1 कोटी 5 लाख टन होतं. 1989-90 मध्ये ते 3 कोटी 40 लाख टनांवर गेलं. या वाढीत मोठा वाटा मुंबई हायचा. पण तेल काढत गेलं की खडकातला दाब उतरतो आणि जुन्या विहिरी कमी देऊ लागतात. नव्या विहिरींची भर पडते तोवर ही घट एकूण आकड्यात दिसत नाही. 1992-93 मध्ये देशाचं उत्पादन 2 कोटी 70 लाख टनांवर आलं, तेही परकीय चलनाची टंचाई असताना.

मग सरासरी काढली की झालं? तिथेही फसगत होते. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात 2014 च्या अखेरीस रोज सुमारे 12 लाख बॅरल तेल निघत होतं. भाव कोसळले आणि विहिरी खोदणाऱ्या रिग दीडशेच्या वर होत्या, त्या 2016 च्या मध्यापर्यंत तिसाच्या आसपास उरल्या. तरी दर रिगमागे नव्या विहिरींचं उत्पादन वाढलं! तंत्र सुधारलं हे खरंच. पण उरलेल्या रिग सगळ्यात चांगल्या जागी नेल्या, हेही तितकंच खरं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. पाऊस कमी झाला आणि फक्त मामा तलावाखालच्या बांध्यांत रोवणी झाली, तर रोवलेल्या क्षेत्राचा एकरी उतारा वाढलेला दिसू शकतो. म्हणून शेती सुधारली असं कुणी म्हणेल का? पडीक राहिलेल्या बांध्या त्या सरासरीत मोजल्याच नाहीत.

संशोधनात याला निवडीचा परिणाम म्हणतात. म्हणून कुठलीही सरासरी हाती आली की तीन गोष्टी तपासा. भागाकार कशाने केला: विहिरींनी, रिगनी की दिवसांनी? मोजणीतून कोण गळालं? आणि एकाच वर्षी सुरू झालेल्या विहिरींचा गट वेगळा काढून पाहिला का?

ही तपासणी न करता ‘उत्पादकता वाढली’ असं प्रबंधात लिहिलंत, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न यावरच येईल.