शुष्क पानझडी वने

ज्या वनांतील बहुसंख्य वृक्ष वर्षाच्या कोरड्या ऋतूत आपली सर्व किंवा बहुतेक पाने गाळून काही आठवडे ते काही महिने निष्पर्ण राहतात, त्या वनांस पानझडी वने म्हणतात. समशीतोष्ण कटिबंधातील (यूरोप, पूर्व आशिया व उत्तर अमेरिकेचा पूर्व भाग) ओक, बीच, मॅपल इ. वृक्षांची पानगळ दिवसमान कमी होण्याशी व हिवाळ्यातील थंडीशी निगडित असते. भारतातील पानगळीचे मुख्य कारण मात्र थंडी नसून पाण्याची टंचाई हे होय. हॅरी चँपियन व एस. के. सेठ यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेले भारतीय वनांचे वर्गीकरण आजही आधारभूत मानले जाते. त्यात उष्ण कटिबंधीय पानझडी वनांचे आर्द्र व शुष्क असे दोन गट केले असून देशातील वनक्षेत्राचा निम्म्याहून अधिक भाग या दोन गटांत मोडतो. त्यांतील सीमारेषा केवळ पर्जन्यमानावर ठरत नाही. एकाच टेकडीच्या पायथ्याशी खोल मातीत आर्द्र वनाची लक्षणे आणि माथ्यावरील खडकाळ भागात शुष्क वनाची लक्षणे आढळू शकतात. महाराष्ट्रात सातपुड्याच्या रांगा, मेळघाट, ताडोबा, पेंच व गडचिरोलीचा काही भाग येथे शुष्क वने विस्तृत प्रमाणात आहेत.

या प्रदेशात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो; उरलेले आठ महिने जमिनीतील ओल हेच वृक्षांचे भांडवल असते. पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून पाण्याचे सतत बाष्पीभवन होत असल्याने ओल संपत आली की पाने वृक्षाला परवडत नाहीत. अशा वेळी पानाच्या देठाच्या बुडाशी सैल पेशींचा एक पातळ थर तयार होतो व पान गळते. गळण्यापूर्वी पानातील नायट्रोजन, फॉस्फरस इ. मूल्यवान द्रव्यांचा बराचसा भाग वृक्ष खोडात परत खेचून घेतो. हरितद्रव्य मोडल्यामुळे मागे राहिलेले पिवळे रंगद्रव्य उघडे पडते. धावड्याच्या पानांवर तर थंडीत तांबूस झाक येते. सर्व वृक्ष एकाच वेळी निष्पर्ण होत नाहीत. उथळ जमिनीवरील साग लवकर झडतो, तर ओढ्याकाठचा त्याच जातीचा वृक्ष कित्येक आठवडे हिरवा राहतो. म्हणून पानगळीचा क्रम पाहून जमिनीखालील पाण्याचा अंदाज करता येतो.

साग (टेक्टोना ग्रँडिस) हा या वनांतील सर्वपरिचित वृक्ष होय. त्याच्या सोबतीला ऐन, धावडा, लेंडी, तेंदू, बिजा, हळदू, कळंब, मोह व चारोळी हे वृक्ष असतात. ऐनाची काळपट साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते आणि त्याच्या पानांवर टसर रेशमाचे किडे पोसले जातात. खडकाळ उतारांवर सागाची जागा सालई व कहांडळ घेतात. कहांडळाची पांढुरकी साल पापुद्र्यांनी सुटते आणि उन्हाळ्यातील चांदण्यात हा वृक्ष दुरूनही उठून दिसतो. ओढ्यांच्या काठी अर्जुन, जांभूळ व उंबर यांचा हिरवा पट्टा असतो. हा पट्टा अरुंद असला, तरी उन्हाळ्यातील वन्यजीवनाचा बराच भार तोच वाहतो. खालच्या थरात भरीव बांबू विपुल असतो. काही दशकांनी एका भागातील बहुतेक बेटांना एकदम फुलोरा येऊन ती मरतात व पुढील काही वर्षे त्या भागाचे रूप पूर्णपणे पालटते.

मार्च-एप्रिलमध्ये हे वन पाहणाऱ्यास ते मृतवत वाटते. वस्तुतः वर्षातील कामाचा मोठा भाग याच काळात उरकला जातो. पळस, काटेसावर, पांगारा, सालई व मोह हे वृक्ष निष्पर्ण किंवा जवळजवळ निष्पर्ण असताना फुलतात. पाने नसल्यामुळे फुले पक्षी, कीटक व वटवाघळे यांना सहज दिसतात व गाठता येतात. शिवाय उन्हाळ्याच्या शेवटी पिकणाऱ्या बियांना पावसाची पहिली ओल मिळते. कुसुमाची लाल व मोहाची तांबूस कोवळी पालवी तर ऐन उन्हाळ्यात, पाऊस येण्यापूर्वीच फुटते. मुळांतील व खोडातील साठ्यावर हे वृक्ष हा खर्च करतात. साग मात्र या बाबतीत अपवाद आहे. तो पावसाळ्यात, पूर्ण पालवी असताना फुलतो आणि त्याची कठीण कवचाची फळे हिवाळ्यापासून गळू लागतात.

कोवळ्या रोपांची स्थिती अधिक बिकट असते. साग, तेंदू इ. जातींच्या रोपाचा जमिनीवरील भाग पहिल्या काही उन्हाळ्यांत वाळून जातो; मूळ मात्र जिवंत राहते व दर पावसाळ्यात नवा कोंब फुटतो. अशी कित्येक वर्षे गेल्यावर मूळ पुरेसे जाड झाले की एका हंगामात जोमदार खोड वर येते व ते टिकते. त्यामुळे गुडघाभर उंचीचे रोप वयाने दहा वर्षांचेही असू शकते. वनाच्या पुनरुत्पत्तीचा विचार करताना ही गोष्ट वारंवार दुर्लक्षिली जाते.

प्राणिजीवनही याच ऋतुचक्राला बांधलेले आहे. पावसाळ्यात चारा व पाणी सर्वत्र असल्याने चितळ, सांबर व गवा विखुरलेले असतात. उन्हाळ्यात ते पाणवठ्यांजवळ एकवटतात व त्यांच्या मागोमाग वाघ, बिबळ्या आणि रानकुत्रे येतात. वानर झाडावर बसून फळे, फुले व पाने खाताना बराच भाग खाली टाकतो आणि चितळांचे कळप तो वेचतात. शत्रूची चाहूल लागताच दोन्ही जाती एकमेकांच्या इशाऱ्याचा लाभ घेतात. अस्वल वाळवीची वारुळे उकरते, मोहाची फुले खाते आणि बहावा, तेंदू, बोर यांची फळे खाऊन त्यांच्या बिया विष्ठेतून दूरवर पसरवते. चौसिंगा हा भारत व नेपाळ एवढ्यातच आढळणारा लहान कुरंग अशा विरळ वनांत राहतो. त्याला नियमितपणे पाणी लागत असल्याने तो पाणवठ्यापासून फार दूर जात नाही. गळालेल्या पानांचे विघटन कोरड्या महिन्यांत मुख्यतः वाळवी करते. बुरशी व सूक्ष्मजीव यांचे काम पाऊस पडल्यावर वेग घेते. सागाची पाने खाणारे दोन पतंग वनरक्षकांस चांगले परिचित आहेत. एकाच्या अळ्या पावसाच्या आरंभी कोवळी पालवी फस्त करतात, तर दुसऱ्याच्या अळ्या पावसाळा सरताना पानाचा मऊ भाग खाऊन शिरांची जाळी तेवढी शिल्लक ठेवतात. नवरंग हा पक्षी पावसाबरोबर या वनांत येऊन घरटी बांधतो.

या वनांतील रानपिंगळा (अथेने ब्लेविटी) या लहान घुबडाचा इतिहास उल्लेखनीय आहे. त्याचे वर्णन ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ साली केले आणि १८८४ नंतर तो कोणालाही आढळला नाही. १९१४ सालचा म्हणून नोंदलेला एक नमुना पुढे बनावट ठरला. त्यामुळे शोधकांची दिशा बराच काळ चुकली. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना तो शहाद्यानजीक (सध्याचा नंदुरबार जिल्हा) दिसला. त्यानंतर मेळघाट व सातपुड्याच्या इतर भागांत आणि २०१४ साली तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. हा पक्षी जुन्या वृक्षांच्या ढोलीत घरटे करतो. केवळ नव्या लागवडीच्या, एकवयी सागवनात अशा ढोली नसतात.

गळालेल्या पानांचा जाड थर फेब्रुवारीपासून कोरडा होतो व वणव्याचा काळ सुरू होतो. निसर्गतः लागणारे वणवे येथे फारच थोडे; बहुतेक मानवी कारणांनी लागतात. मोहाची फुले पहाटे गळतात, ती वेचण्यासाठी झाडाखालची जागा जाळून स्वच्छ केली जाते. तेंदूच्या झुडपांस विडीसाठी कोवळी, मऊ पाने फुटावीत म्हणूनही आग लावली जाते; वास्तविक झुडपांच्या छाटणीनेही हा हेतू साधतो. अशी आग जमिनीलगत धावते व मोठ्या वृक्षांना सहसा मारत नाही. तिचे नुकसान डोळ्यांत भरत नाही, म्हणूनच ते अधिक गंभीर आहे. वर सांगितलेली दीर्घायुषी रोपे दरवर्षी जळत राहिली, तर मूळ साठा करू शकत नाही आणि खोड कधीच वर येत नाही. परिणामी आग सोसणाऱ्या व मुळांतून फुटणाऱ्या जाती वाढतात आणि इतर मागे पडतात. अनेक गावांच्या परिसरात मोहाचे जुने वृक्ष पुष्कळ, मध्यम वयाचे मात्र विरळ दिसतात, याचे एक कारण हे होय. मोकळ्या झालेल्या जागी घाणेरीसारखी परदेशी झुडपे शिरतात व गवताचा चारा कमी होतो.

तथापि आग लावणाऱ्याला केवळ दोष देणे अपुरे ठरते. मोहफुले व तेंदूपाने यांचा हंगाम शेतीला काम नसलेल्या महिन्यांत येतो आणि गोंड, कोरकू, माडिया इ. समाजांतील असंख्य कुटुंबांना याच काळात रोख पैसा मिळतो. महाराष्ट्रात ७० पानांच्या पुड्याच्या हिशेबाने तेंदूची मजुरी दिली जाते. वनांवरील स्थानिक हक्क १८७८ व १९२७ च्या वन कायद्यांनी संकुचित झाले होते. वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये सामूहिक हक्क पुन्हा मान्य झाले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली असा हक्क मिळाला. देशात तो मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. तेव्हापासून त्या जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा बांबू व तेंदूपाने यांची विक्री स्वतः करतात. वन विभाग उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढतो. त्या पट्ट्यांतील पालापाचोळा नियंत्रित रीतीने आधीच जाळून किंवा झाडून टाकलेला असल्याने पुढे लागलेला वणवा तेथे अडतो; मात्र वारा जोराचा असल्यास ठिणग्या पट्टा ओलांडून जातात.