जुनी चेनसॉ घेताय? आधी पिस्टन बघा, मग भाव करा

बंद पडलेल्या चेनसॉ स्वस्तात घ्यायच्या, दुरुस्त करून विकायच्या, असा विचार गावोगावची पोरं करतायत. धंदा जमतो, पण बिघाड कुठला हे घेण्याआधी ओळखता आलं तरच.

ही मशीन टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावंच लागतं. ५०:१ प्रमाण असेल तर लिटरला २० मिली. कुणी नुसतं पेट्रोल घालून चालवली की पिस्टन घासतो. म्हणून सायलेन्सर खोलून आत बॅटरी मारा. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर भंगाराच्या भावातच घ्या, नाहीतर सोडा. नवा पिस्टन-सिलिंडर टाकण्यात नफा जातो.

पिस्टन गुळगुळीत आहे आणि दोरी ओढताना चांगला जोर लागतो, तर बिघाड बहुतेक कार्बोरेटर, प्लग, फिल्टर किंवा पेट्रोलच्या नळीत असतो. तो कमी खर्चात निघतो.

चेन ब्रेक लागत नसेल तर तो नीट केल्याशिवाय मशीन विकू नका. बार अचानक अंगावर उसळला तर चेन थांबवायला तोच असतो.

आणि विकणाऱ्याकडून पावती घ्याच. वनगुन्ह्यात वापरलेली हत्यारं भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली जप्त होऊ शकतात. स्वस्तातली मशीन मग महागात पडते.