कॉइलओव्हर घेताना आधी रस्ता मोजा

चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांच्यातली मोकळी जागा, १७९ मिलिमीटर आहे. तिचीच भावंड असलेली स्कोडा स्लाव्हियाही तेवढीच उंच. सेडानच्या मानाने हा आकडा चांगलाच मोठा, आणि तो विचार करूनच ठरवलेला आहे: युरोपातल्या कंपन्यांनी भारतासाठी गाडी बेतताना इथले खड्डे, गतिरोधक आणि पाच माणसांचं ओझं हिशेबात धरलं. पिंपरी-चिंचवड, तळेगाव, चाकण या पट्ट्यात दोन दारांच्या अस्सल स्पोर्ट्स कार तशा मोजक्याच. इथला वेगाचा शौक बहुधा जुनी पोलो जीटी, व्हर्टस जीटी, स्लाव्हिया अशा गाड्यांवर भागतो. आणि हा शौक जरा वाढला की पहिली इच्छा होते ती कॉइलओव्हर बसवून गाडी तीस-चाळीस मिलिमीटर खाली आणण्याची. कॉइलओव्हर बसवायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती गाडी खाली आणण्यासाठी ते बसवायला. या पट्ट्यातल्या रस्त्यांवर पैसे मोजायचे असतील तर ते चाकाला वर-खाली व्हायला मिळणाऱ्या जागेसाठी आणि चांगल्या डॅम्परसाठी मोजावेत. उंचीचा विचार सगळ्यात शेवटी करावा.

कॉइलओव्हर म्हणजे डॅम्परच्या नळीवरच बसवलेली स्प्रिंग. नळीला आटे असतात आणि त्यावरची कडी फिरवून स्प्रिंगची बैठक वर-खाली करता येते. यातलं निम्मं काम कंपनीच्या गाडीतही झालेलंच असतं. व्हर्टस आणि पोलोच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहे, त्यात स्प्रिंग डॅम्परभोवतीच असते. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा, असल्यामुळे स्प्रिंग आणि डॅम्पर वेगवेगळे बसतात, आणि बाजारातल्या बहुतेक किटमध्येही ते तसेच वेगळे राहतात. म्हणजे आपण नवीन रचना विकत घेत नाही. घेतो ती कडक स्प्रिंग, वेगळा डॅम्पर आणि उंची बदलण्याची सोय. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि धक्का साठवते. साठवलेला धक्का परत उसळू न देता तेलातून जिरवणं हे डॅम्परचं काम, ज्याला आपल्याकडे सरसकट शॉकअप म्हणतात. स्प्रिंग कडक केली आणि डॅम्पर तिला आवरण्याइतका ताकदवान नसला, तर गाडी प्रत्येक उंचवट्यावर उसळत राहते. स्वस्त किटची बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात.

आता जागेचा हिशेब पाहू. समजा, उभ्या गाडीचं चाक वर दाबलं जाऊन बम्प स्टॉपच्या रबराला भिडेपर्यंत ७० मिलिमीटर जागा आहे. गाडी २५ मिलिमीटर खाली आणली की उरतात ४५. खड्ड्याचा धक्का मात्र तेवढाच राहतो. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दाबल्या गेलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे तोच धक्का ४५ मिलिमीटरमध्ये जिरवायचा तर स्प्रिंग सुमारे २.४ पट कडक लागते. तशी ती घातली, तर घरगुती गाडीची सेकंदाला साधारण १.३ वेळा होणारी नैसर्गिक हालचाल दोनपर्यंत चढते. रोजच्या वापराची गाडी इथे ट्रॅकच्या गाडीकडे झुकू लागते. आणि तशी स्प्रिंग घातली नाही, तर चाक रबरावर आपटतं. अशा क्षणी त्या चाकाचं सस्पेन्शन जवळजवळ संपलेलंच असतं. वळणात हे घडलं तर पकड एकदम सुटते. नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी करत चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत जाणाऱ्या, अवजड ट्रक आणि कंटेनरनी दबलेल्या रस्त्यावर ७० मिलिमीटरसुद्धा चैन वाटत नाहीत. गतिरोधकाचं गणितही असंच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. व्हर्टसच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर आहे २.६५ मीटर, म्हणून असा रुंद गतिरोधक ओलांडताना चाकंही त्याच्या उतारावरच असतात आणि पोटाखालची जागा पाचएक सेंटिमीटरनेच कमी होते. पण तेवढ्याच उंचीचा अरुंद उंचवटा दोन चाकांच्या मध्ये आला की पूर्ण दहा सेंटिमीटर जातात. चाळीस मिलिमीटर खाली आणलेल्या गाडीत मग राहतात जेमतेम ३९, तेही गाडी रिकामी असताना.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणं चांगली घेता येतात. तत्त्व खरं आहे, पण फायदा किती? १२५० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर दीड मीटर आणि ०.८ जीचं जोरकस वळण धरलं, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे ३६७ किलो भार सरकतो. गाडी ३० मिलिमीटर खाली आणली तर हा भार होतो ३४७. फरक वीस किलोंचा, जेमतेम साडेपाच टक्के. शिवाय मॅकफर्सन रचनेत आणखी एक तोटा दडलेला आहे. गाडी खाली आली की खालचा आर्म चाकाकडे वर कलतो आणि रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. म्हणजे गाडीला कलवणारी तरफ लांबते. त्याच स्प्रिंगवर खाली आणलेली गाडी उलट जास्त कलू शकते, आणि चाक वर-खाली होताना स्टिअरिंग आपोआप किंचित वळण्याचा दोषही वाढतो. तेवढ्याच पैशांत चांगले टायर घेतले, तर पकडीत पडणारा फरक याहून मोठा असतो.

दुसरा आक्षेप असा की कडी फिरवून उंची केव्हाही परत वाढवता येते. इथे किट कोणत्या जातीचं आहे ते पाहावं लागतं. साध्या किटमध्ये फक्त स्प्रिंगची बैठक सरकते. बैठक खाली नेली की चाकाची वरची जागा कमी होते. दुसऱ्या जातीत डॅम्परचा खालचा पाय वेगळ्या आट्यांवर लांब-आखूड होतो, त्यामुळे उंची बदलली तरी डॅम्परचा स्वतःचा प्रवास कायम राहतो. मात्र चाक आणि मडगार्ड यांच्यातली जागा तिथेही मोजून घ्यावीच लागते. कडी आवळून स्प्रिंग दाबली की ती कडक होते, हाही एक पक्का समज आहे. सरळ स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेवर आणि वेटोळ्यांवर ठरतो. कडीने तो बदलत नाही. डॅम्परची ताकद बदलण्यासाठी दिलेल्या बत्तीस क्लिकच्या डायलचंही तसंच. प्रत्येक क्लिकला डॅम्परची ताकद खरोखर बदलते का, हे डायनोच्या, म्हणजे ती ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, आलेखावरच दिसतं. विक्रेत्याकडे तो आलेख मागावा. तो दाखवणारा विक्रेता आणि ‘मस्त बसते गाडी’ एवढंच सांगणारा विक्रेता यांतला कोण निवडायचा, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार: कंपनीचं सस्पेन्शन ही खर्च, आराम आणि टिकाऊपणा यांची तडजोड असते, मग ती सुधारू का नये? जरूर सुधारावी. वेगात गाडी लाटेसारखी वर-खाली होत असेल, तर जास्त ताकदीचा डॅम्पर खरंच उपयोगी पडतो. पण ती सुधारणा मूळ उंची राखून, थोड्याच कडक स्प्रिंगवर आणि उत्तम डॅम्परवर करता येते. कित्येकांना तर कॉइलओव्हरची गरजच नसते, मूळ स्प्रिंगवर चांगले डॅम्पर पुरतात. डॅम्पर ही किती कसबाची वस्तू आहे हे या पट्ट्याइतकं कोणाला ठाऊक असणार! १९६१ साली स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाचा कारखाना चाकणजवळच्या कुरुळीतच आहे. फोक्सवॅगनने २०१० मध्ये पोलो कपही सुरू केला, पण त्या शर्यतीच्या गाड्या पळाल्या त्या ट्रॅकवर. देशातले मोठे ट्रॅक आहेत चेन्नई, कोइंबतूर आणि ग्रेटर नोएडाला. तिथल्या सपाट डांबरावर शोभणारी मापं मोशीच्या रस्त्यावर लावण्यात काही अर्थ नाही.

कायद्याची बाजूही किट मागवण्याआधीच पाहावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. जर्मनीत अशा भागासोबत तपासणीचा दाखला मिळतो आणि बदल गाडीच्या कागदांवर चढवता येतो. इथे मालकाने आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांनाही आधी लेखी विचारावं. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरलाही. मूळ उंचीजवळ राहण्याचं हेही एक कारण आहे.

एवढं करून किट बसवलंच, तर आधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवावी, त्याच आकड्यांच्या आसपास नवी उंची लावावी आणि मग अलाइनमेंट करावी. नवीन स्प्रिंग काहीशी बसते, म्हणून काही आठवड्यांनी उंची, नटांचा टॉर्क आणि अलाइनमेंट पुन्हा तपासावी. जुने टॉप माउंट आणि बुश तसेच ठेवून महागडं किट घालणं म्हणजे पैसे वाया घालवणं. आणि मावळातला पाऊस सुरू होण्याआधी आटे ब्रशने स्वच्छ करून गंजरोधक लावावं. चिखल आणि गंजाने कडी एकदा जाम झाली, की ज्या सोयीसाठी जास्त पैसे दिले ती सोयच उरत नाही. याच कारणासाठी स्टेनलेस स्टीलची नळी असलेलं किट महाग असलं तरी घेण्यासारखं आहे.