अमेरिकेंतील संस्थानांच्या मूळ सनदा

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांची राज्यघटना १७८७ सालीं सिद्ध झाली व १७८९ पासून अमलांत आली. त्यावरून तेथील संस्थानें व ग्रामसंस्था हीं मध्यवर्ती सत्तेनेंच निर्माण केलीं असावींत, असा समज होण्याचा संभव आहे. कागदपत्रें पाहतां क्रम उलट दिसतो. व्हर्जिनियांत लोकप्रतिनिधींची सभा १६१९ त भरली व १६३४ त त्या वसाहतीचे आठ परगणे पाडण्यांत आले; मॅसॅच्युसेट्समधील डॉर्चेस्टर गांवानें १६३३ त नियमित गांवसभा भरविण्याचा ठराव केला. परंतु जें अगोदरचें तेंच अधिकारानें श्रेष्ठ, असें मात्र नव्हे. हें दाखविण्यासाठीं आम्ही तीन लेख वाचकांपुढें ठेवितों.

पहिला लेख १६२० चा. मेफ्लॉवर जहाजावरील प्रवाशांनीं आपसांत करार करून प्लिमथची वसाहत स्थापिली. या कराराचें अस्सल आज उपलब्ध नाहीं. त्याची संहिता १६२२ च्या एका छापील वृत्तांतावरून व गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याच्या हस्तलिखित इतिहासावरून कळते. हें हस्तलिखित स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमारास नाहींसें झालें, १८५५ त लंडनच्या बिशपच्या ग्रंथसंग्रहांत ओळखलें गेलें व १८९७ त मॅसॅच्युसेट्सला परत मिळालें. करार लोकसंमतीचा खरा. पण प्लिमथला राजाची सनद कधींच मिळाली नाहीं. अखेर १६९१ च्या सनदेनें ती वसाहत मॅसॅच्युसेट्समध्यें विलीन झाली.

दुसरा लेख म्हणजे दुसऱ्या चार्लस राजानें कनेक्टिकटास दिलेली १६६२ ची सनद. १६८७ त गव्हर्नर अँड्रॉस ती परत मागण्यास हार्टफर्ड येथें आला, तेव्हां एकाएकीं दिवे विझले व सनद ओक वृक्षाच्या ढोलींत लपविली गेली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूस ठेविली तरी सनद टिकली, हें निर्विवाद. १७७६ नंतरहि राजाची सत्ता तेवढी वगळून तिच्याच आधारें तेथील कारभार १८१८ पर्यंत चालला.

तिसरा लेख ऱ्होड आयलंडची १६६३ ची सनद. तिनें धर्मस्वातंत्र्य दिलें. पण तिच्या अमलाखालीं मताधिकार मुख्यत्वें जमीनधारकांपुरताच राहिला. १८४२ त थॉमस डॉर याच्या नेतृत्वाखालीं बंड झालें व १८४३ पासून नवी घटना अमलांत आली. जी सनद एके काळीं रक्षक, तीच पुढें अडसर झाली.

गांवांची गोष्ट आणखी निराळी. डॉर्चेस्टर हें मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या घटनेहून वयानें कितीतरी वडील. तथापि अशा संस्थांविषयीं आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनीं १८६८ त असा सिद्धान्त मांडिला कीं, त्यांचे सर्व अधिकार संस्थानाच्या विधिमंडळापासूनच उद्भवतात. उलटपक्षीं मिसूरीनें १८७५ च्या घटनेंत मोठ्या शहरांस आपली सनद आपणच रचण्याची मुभा दिली. पण ती मुभाहि संस्थानाच्याच घटनेनें दिलेली.

तात्पर्य, लेखाचें वय व लेखाचें बल हीं दोन निराळीं मापें होत. एकावरून दुसऱ्याचें अनुमान संशोधकानें करूं नये.