गाडी पुसायचं फडकं : कापसाच्या जिल्ह्यातले गैरसमज

यवतमाळच्या कोणत्याही गल्लीत सकाळी साडेसहाला एक दृश्य हमखास दिसतं. रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या गाडीवर मातीचा पातळ थर बसलेला असतो आणि मालक कोरडं फडकं घेऊन बॉनेटवर गोल गोल हात फिरवत असतो. दोन मिनिटांत गाडी चकाचक होते आणि दिवस सुरू होतो.

माझ्या धाकट्या भावाची काळी गाडी अशीच रोज पुसली जायची. ती दोन वर्षांची झाली तेव्हा एका दुपारी दत्त चौकात उन्हात उभी होती. बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पडलं होतं आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे शेकडो बारीक, गोलाकार ओरखडे चमकत होते. गाडी कधी कशाला घासलेली नाही, ठोकलेली नाही. भाऊ कळवळून म्हणाला, "दादा, मी तं रोज बनियनच्या कपड्यानंच पुसतो, तोही धुतलेला." त्याचं म्हणणं खरं होतं, आणि ओरखडे त्याच पुसण्यातून आले होते. त्यानंतर मी या फडक्यांच्या मागे लागलो. दुकानदार, वॉशिंग सेंटरवरची मुलं, गाडीवेडे मित्र अशा सगळ्यांकडून जे ऐकलं त्यातलं बरंचसं चुकीचं निघालं.

"सुती कापड मऊ, म्हणून तेच चांगलं"

हे सांगताना मला जड जातं. आपला जिल्हा कापसाचा. इंग्रजांच्या काळात यवतमाळ ते मूर्तिजापूर शकुंतला रेल्वेचे रूळ पडले तेही कापसासाठीच. अंग पुसायला सोलापुरी टॉवेलला तोड नाही. पण गाडीच्या रंगासाठी सूत कमी पडतं, आणि त्याचं कारण त्याचा कडकपणा नव्हे. कापसाचा तंतू रंगाला ओरबाडत नाही. ओरबाडते ती त्याच्याखाली सापडलेली धूळ.

आपल्याकडच्या धुळीत काय असतं ते बघा. काळ्या मातीतला चिकणमातीचा भाग मऊ असतो, पण तो एकटा उडत नाही. रस्त्याची गिट्टी बेसाल्ट दगडाची. बांधकामाच्या रेतीत क्वार्ट्झ. खनिजांची कठीणता मोजण्याच्या पट्टीवर क्वार्ट्झ 7 वर आहे, तर खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. वणी, मारेगाव, मुकुटबन या भागात कोळशाच्या आणि चुनखडीच्या ट्रकांमागून गाडी चालवणाऱ्यांच्या बॉनेटवर तर दिवसभरात बोट फिरवलं की अक्षर उमटतं.

उलट बाजूला गाडीचा रंग. त्याच्यावर चकाकी देणारा पारदर्शक थर असतो, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. तो साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा. माणसाचा केस याहून जाड असतो. सपाट सुती कापडात धुळीच्या कणाला शिरायला जागा नसते. तो कापड आणि रंग यांच्यामध्ये अडकून राहतो आणि हाताबरोबर फिरतो. हात गोल फिरला की ओरखडाही गोल. मग आपण पॉलिश करून घेतो, म्हणजे ओरखडे दिसेनासे व्हावेत म्हणून तोच थर घासून आणखी पातळ करतो.

मायक्रोफायबरचा फायदा इथे आहे. त्याचा तंतू 1 डेनिअरपेक्षा बारीक, म्हणजे 9 किलोमीटर लांब तंतूचं वजन 1 ग्रॅमही भरत नाही. चांगल्या प्रतीच्या कापडात पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉन, एकत्र ओढून तंतू काढतात आणि नंतर तो चिरतात. एका तंतूच्या अनेक पाकळ्या होतात आणि त्यांच्यामध्ये फटी पडतात. पाणी आणि बारीक धूळ त्या फटींत ओढली जाते. पॉलिएस्टर स्वतः पाणी जवळजवळ पीतच नाही. पाणी शोषलं जातं ते त्या फटींमुळे आणि नायलॉनच्या साथीमुळे. तंतू चिरलेलाच नसेल तर नाव मायक्रोफायबर असलं तरी ते फडकं पाणी नुसतं पुढे ढकलतं.

"मायक्रोफायबर आहे ना, मग ओरखडा येणारच नाही"

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. चांगलं फडकं धुळीला आत घेतं, पण त्यालाही मर्यादा आहे. गाडीवर धुळीचा थर असताना 1000 रुपयांचं फडकं कोरडं फिरवलं तरी ओरखडे येणारच. आधी पाण्याने धूळ उतरवायची आणि मग फडकं लावायचं, हा क्रम चुकला की फडक्याची प्रत कामाला येत नाही.

पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न यवतमाळकर विचारणार, आणि तो बरोबर आहे. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटल्यावर शहराने काय सोसलं ते कोणी विसरलेलं नाही. एप्रिल-मेमध्ये पाइप लावून गाडी धुणं मलाही पटत नाही. त्याला पर्याय आहे. एका बादलीत न खंगाळता वापरायचं वॉशचं द्रावण मिसळायचं, म्हणजे 'रिन्सलेस वॉश'. त्याच्यामुळे पाण्याला बुळबुळीतपणा येतो आणि मातीचे कण रंगावरून घसरून फडक्यात येतात. आठ-दहा फडकी त्यात भिजवून ठेवायची. एक फडकं दोनदा दुमडलं की वापरायला आठ बाजू मिळतात. एक बाजू, एक सरळ हात, मग पुढची बाजू. मळलेलं फडकं बादलीत परत टाकायचं नाही. आठ-दहा लिटरमध्ये अख्खी गाडी निघते. एवढंही पाणी नसेल त्या दिवशी गाडी मळकी राहू द्या. मळकी गाडी खराब होत नाही, कोरडी घासलेली होते.

"जास्त जीएसएम म्हणजे जास्त चांगलं"

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. त्यातून कापड किती दाट आहे ते कळतं, किती चांगलं आहे ते नाही. हलक्या कापडाची कामं वेगळी, जाडाची वेगळी. काचेसाठी आखूड लव असलेलं किंवा चौकटींच्या विणीचं, 200 ते 300 चं फडकं उत्तम. जाड लवेचं फडकं काचेवर पुसट रेघा ठेवून जातं. मेण किंवा पॉलिश पुसायला 350 ते 400 पुरतं. धुतलेली गाडी कोरडी करायला मात्र 500 च्या पुढचा, लांब लवेचा किंवा पीळ दिलेल्या लूपचा मोठा टॉवेल हवा, म्हणजे तो नुसता पसरून ओढला तरी पाणी उचलतो.

पाकिटावर छापलेला आकडा खरा आहे का, हे घरी तपासता येतं, आणि हे मी प्रत्येकाला करून बघायला सांगतो. 40 बाय 40 सेंटिमीटरचं फडकं म्हणजे 0.16 चौरस मीटर. 350 जीएसएम असेल तर ते 56 ग्रॅम भरलं पाहिजे. 800 असेल तर 128 ग्रॅम. ओळखीच्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. मी '800' छापलेलं एक फडकं असं ठेवलं, तर काट्याने 61 ग्रॅम दाखवले. म्हणजे ते 400 सुद्धा नव्हतं. दोन थर शिवून केलेल्या टॉवेलच्या बाबतीत आणखी एक पाहावं. 400 चे दोन थर जोडून 800 म्हणत असतील तर हिशोब बरोबर आहे, पण त्याची लव 400 च्या फडक्याचीच असते.

"हाताला गुळगुळीत लागलं की माल भारी"

दुकानात याच कसोटीवर खरेदी होते आणि ती नेमकी उलटी आहे. नव्या कापडाला मऊपणा यावा म्हणून बरेचदा सिलिकॉनचं फिनिश दिलेलं असतं. दोन धुण्यांत ते जातं आणि खरं कापड समोर येतं. शेतात राबलेल्या, भेगा पडलेल्या तळहातावरून फडकं फिरवा. चिरलेला बारीक तंतू त्या भेगांना किंचित अडकतो, अंगावर काटा येईल असा लागतो. तसं जाणवलं तर समजा तंतू खरा आहे. जे सुळकन सरकतं ते बहुधा न चिरलेलं पॉलिएस्टर.

घरच्या आणखी तीन कसोट्या. ताटलीत चमचाभर पाणी सांडा आणि फडकं त्यावर नुसतं ठेवा, दाबू नका. चांगलं असेल तर पाणी वर चढतं. घरात जुनी सीडी पडलेली असेलच. तिच्या चमकत्या बाजूवर फडक्याचा काठ जोराने घासून उजेडात धरा, ओरखडे दिसले तर ते फडकं रंगाला लावू नका. आणि सुताची भेसळ आहे का हे पाहायचं असेल तर एकच दोरा उपसून काडीने पेटवा. सूत कागदासारखा वास देत जळतं आणि राख होते. पॉलिएस्टर आक्रसून वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतो.

काठाकडे मात्र जवळजवळ कोणी बघत नाही. चारही बाजूंनी जाड नायलॉन दोऱ्याने ओव्हरलॉक मारलेलं फडकं मधून कितीही मऊ असलं, तरी तो काठ रंगावरून फिरतोच. काठ मऊ पट्टीने झाकलेला असावा, किंवा शिवणच नसलेलं, अल्ट्रासोनिक यंत्राने कापलेलं फडकं घ्यावं. कोपऱ्यातलं लेबल पहिल्या दिवशीच उसवून टाका.

80-20 की 70-30, हा वाद गाडीवेड्यांत फार रंगतो. पहिला आकडा पॉलिएस्टरचा, दुसरा पॉलिअमाइडचा. 30 टक्केवालं थोडं मऊ असतं, पाणीही थोडं जास्त ओढतं, आणि महाग असतं. पण वीण आणि काठ वाईट असतील तर 70-30 चा उपयोग नाही. रोजच्या वापराला चांगल्या विणीचं 80-20 पुरेसं आहे.

"मळलं की घरच्या कपड्यांत टाकायचं"

इथे चांगल्या फडक्याचं आयुष्य संपतं. सुती कपड्यांबरोबर धुतलं की त्यांची लव मायक्रोफायबर ओढून घेतं आणि पुढच्या वेळी गाडीवर सोडतं. फॅब्रिक सॉफ्टनर तर अजिबात नको. तो तंतूंवर लेप चढवतो, फटी बुजतात, आणि फडकं पाणी पिणं थांबवतं. ब्लीचही नको. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड. त्यात साबणाच्या वडीने धुतलं तर साबण आणि पाण्यातला चुना मिळून चिकट साका तयार होतो आणि तंतूंत बसतो. म्हणून द्रव डिटर्जंट थोडंसं, कोमट पाणी, आणि दोनदा खंगाळणं. फडकं कडक झालंच तर शेवटच्या पाण्यात थोडा पांढरा व्हिनेगर टाका.

उन्हाने फडकं वितळतं असं एका दुकानदाराने मला सांगितलं होतं. तसं होत नाही. पॉलिएस्टर 255 अंशांच्या आसपास वितळतं आणि 70-80 अंशांना नरम पडू लागतं. मेमधल्या 45 अंशांत त्याला काही होत नाही. उकळतं पाणी आणि इस्त्री मात्र टाळा. सावलीत वाळवा, कारण रस्त्याकडेच्या दोरीवर वाळणाऱ्या ओल्या फडक्यावर फुफाटा येऊन बसतो आणि तीच धूळ दुसऱ्या दिवशी बॉनेटवर जाते.

एकच फडकं रंगाला, चाकांना आणि दाराच्या खाचांना वापरू नका. रंग ठरवून घ्या. माझ्याकडे निळं बॉडीला, पिवळं काचेला आणि करडं चाकांना आहे. बॉडीचं जुनं झालं की चाकांकडे जातं, चाकांकडून वर कधीच येत नाही.

मागच्या दिवाळीआधी बायपासवरच्या एका वॉशिंग सेंटरला मी गाडी दिली. मुलगा मेहनती होता. दार पुसताना त्याच्या हातून फडकं चिखलात पडलं. त्याने ते झटकलं आणि पुन्हा दाराला लावलं. तेवढ्याने दारावर हातभर रेघ उमटली, ती अजून आहे. त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून मी त्याच्यावर रागावलो नाही. तुम्ही मात्र गाडी देताना दोन स्वच्छ फडकी स्वतःची द्या आणि एवढंच सांगा : खाली पडलेलं फडकं धुतल्याशिवाय रंगाला लावायचं नाही.