पिंगपाँगचे चार बॉल आणि एक हेलिकॉप्टर

मित्रमैत्रिणींनो, आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पोटात घाला. पण हा विषय मराठीतच लिहायचा ठरवला, कारण ज्यांनी तो मला समजावला ते आपल्या वर्कशॉपमधले मामा मराठीतच बोलतात.

गेल्या दिवाळीनंतर मी आणि माझ्या रूममेटने मिळून एक सेकंडहँड रिमोट कंट्रोल हेलिकॉप्टर घेतलं. ४५० साइजचं, म्हणजे वरच्या पंख्याचा व्यास साधारण ७० सेंटिमीटर आणि वजन बॅटरीसकट पाऊण किलोच्या आसपास. माझे बाबा चाकणला प्रेस शॉपमध्ये आहेत. त्यांनी मेससाठी दिलेल्या पैशांतून वाचवून मी माझा वाटा जमवला. (हे त्यांना हा अंक वाचूनच कळणार आहे!)

नवशिक्याच्या हेलिकॉप्टरला खाली ट्रेनिंग गिअर लावतात, एवढं ऐकून माहीत होतं. आता मी पडले मेकॅनिकलची. मजबूत म्हटलं की स्टील! भोसरीतून ४ मिलिमीटरच्या सळया आणल्या, त्यांची फुली केली आणि जमिनीवर पकड यावी म्हणून टोकांना खुर्चीच्या पायांची रबरी बुचं बसवली. बास्केटबॉल कोर्टवर थ्रॉटल वाढवला. हेलिकॉप्टर डावीकडे सरकलं, डावीकडचं बूच सिमेंटला अडकलं आणि अख्खं यंत्र त्या बुचावरच कलंडलं. पातं तुटलं आणि त्याचा तुकडा रूममेटच्या कानाजवळून गेला. ती जेमतेम पाच फुटांवर उभी होती. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

तुटलेलं सामान घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. मामांनी बुचं बघितली आणि एवढंच म्हणाले, "पोरी, शिकाऊ सायकलच्या छोट्या चाकांना कोणी ब्रेक लावतं का?"

तिथे डोक्यात प्रकाश पडला. शेपटीचा छोटा पंखा यंत्राला गरगर फिरण्यापासून वाचवतो, पण त्याच वेळी ते एका बाजूला ढकलतोसुद्धा. म्हणजे उचलताना हेलिकॉप्टर थोडं सरकणारच. सरकताना एक पाय अडकला की तो बिजागरी बनतो, आणि वरचा पंखा उचलायच्या ऐवजी यंत्राला त्या बिजागरीभोवती उलटवतो. याला डायनॅमिक रोलओव्हर म्हणतात. आपल्या सैन्याच्या स्किडवाल्या 'चीता' हेलिकॉप्टरपासून चाकांच्या 'चेतक'पर्यंत सगळ्यांनाच हा धोका असतो. त्यावर उपाय म्हणजे उलट दिशेला स्टिक मारणं नव्हे, तर पंख्याची उचल कमी करून यंत्र खाली बसवणं. मी नेमकं उलट केलं होतं!

तेव्हा गिअर निवडताना चार गोष्टी बघा.

पहिली, रुंदी. आमच्या मॉडेलच्या स्किडमध्ये सुमारे १३ सेंटिमीटर अंतर आहे आणि गुरुत्वमध्य १२ सेंटिमीटर उंचीवर. पंखा बंद असताना ते साधारण २८ अंशांवर उलटतं. ७० सेंटिमीटरच्या दोन काड्यांची फुली लावली की हाच कोन ६० अंशांच्या घरात जातो. (टॅन थीटा आठवा, एम-वनचा उपयोग झाला!) पंखा फिरत असताना यातलं बरंच हातचं जातं, म्हणून रुंदी आहे म्हणून बिनधास्त राहू नका.

दुसरी, टोकं. ती घसरली पाहिजेत. टेबल टेनिसचा बॉल ४० मिलिमीटरचा, २.७ ग्रॅमचा आणि गुळगुळीत. चार टोकांना चार बॉल. जमीन सिमेंटची, सपाट हवी. गवतात बॉलही अडकतो.

तिसरी, वजन. माझ्या दोन सळयांचं वजन १३८ ग्रॅम भरत होतं. त्याच मापाच्या फायबरग्लासच्या काड्या ३५ ग्रॅमच्या आत बसतात, आणि त्या वाकून धक्का खातात. कार्बनच्या त्याहून हलक्या, पण मोडल्या की अणकुचीदार कुसळं निघतात. पैसे नसतील तर बुरुडाकडची बांबूची कामटी घ्या, ती सगळ्यात हलकी आणि स्वस्त.

चौथी, बांधणी. फुलीचा मध्य मुख्य शाफ्टच्या बरोबर खाली हवा, नाहीतर यंत्र नाक किंवा शेपूट खाली टाकतं. मागच्या काड्या ४५ अंशांत ठेवा, म्हणजे शेपटीच्या पंख्याच्या वाटेत येत नाहीत. स्किडला रबरबँडने बांधा. जोरात आपटलं तर रबर सुटतं, स्किड वाचतात.

पण गिअर हेलिकॉप्टरला सांभाळतं, माणसाला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत स्वतः हेलिकॉप्टर बनवणाऱ्या एका तरुण कारागिराचा जमिनीवरच चाचणी चालू असताना पातं डोक्याला लागून मृत्यू झाला. ते माणूस बसायचं यंत्र होतं, आपलं खेळण्याएवढं. पण पातं तेही फिरतं आणि हेही. म्हणून आता आमचा नियम असा आहे: डोळ्यांवर गॉगल, बघणारे निदान ३० फूट लांब, आणि बॅटरी जोडायच्या आधी सगळ्यांना हाक. कोर्टसाठी रेक्टर मॅडमची परवानगी घ्याच. आणि कोर्टबाहेर उडवायचं असेल तर २०२१ चे ड्रोन रूल्स वाचा, कारण आपल्या एका बाजूला लोहगावचा हवाई तळ आहे आणि दुसऱ्या बाजूला देहूरोडचा लष्करी डेपो.

नवीन पाती आणि कामटीची फुली लावून जानेवारीत पुन्हा प्रयत्न केला. हेलिकॉप्टर आधी कोर्टभर बर्फावरच्या बदकासारखं घसरत फिरलं, पण कलंडलं नाही. चौथ्या दिवशी ते दहा सेकंद हवेत थांबलं. रिमोट रूममेटच्या हातात होता.

आता काड्या दर आठवड्याला थोड्या थोड्या कापतोय. एकदम काढल्या तर यंत्र हलकं होऊन चपळ होतं आणि हात गोंधळतो. कोणाला शिकायचं असेल तर रविवारी सकाळी कोर्टवर या. कामटी आमची, बॉल तुमचे!