हवा बाहेर, चारा आत!

अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य दुधासाठी आणि चीजसाठी प्रसिद्ध आहे. पण हिवाळ्यात तिथली कुरणं बर्फाखाली गडप होतात. मग एवढ्या गाई खातात तरी काय?

त्यांच्या जेवणाची सोय सप्टेंबरातच लागते. शेतात माणसाच्या डोक्यावर जाणारा मका उभा असतो. शेतकरी एखादं कणीस मधोमध मोडून दाणे बघतो. दाण्याचा वरचा अर्धा भाग घट्ट आणि खालचा अर्धा अजून चिकात? चला, कापणी सुरू! या वेळी 100 किलो मक्यात साधारण 65 किलो पाणीच असतं.

भलंमोठं यंत्र पान, ताट, कणीस सगळंच कापत जातं आणि बोटाच्या पेराहून लहान तुकडे करतं. त्यातले रूळ दाणेही भरडतात. का? अख्खा दाणा गाईला नीट पचत नाही, तो शेणातून तसाच बाहेर पडतो!

हा चारा भिंतींच्या मोठ्या हौदात ओततात आणि त्यावरून जड ट्रॅक्टर पुन्हा पुन्हा फिरवतात. आतली हवा निघून गेली पाहिजे ना! मग वर प्लॅस्टिक आणि प्लॅस्टिकवर जुने टायर.

आता कामाला लागतात जिवाणू. दही लावणाऱ्या जिवाणूंचेच हे भाऊबंद. मक्यातली साखर खाऊन ते लॅक्टिक आम्ल तयार करतात. चारा आंबट होतो आणि त्या आंबटपणात चारा कुजवणाऱ्या जिवाणूंचं काही चालत नाही. हवा शिरली नाही, तर हा चारा वर्षभरही टिकतो. हौद उघडल्यावर मात्र रोज लागेल तेवढाच काढायचा, नाहीतर बुरशी आलीच!

आम्लाच्या मदतीने हिरवा चारा टिकवण्याची पद्धत शोधणारे फिनलंडचे आर्तुरी विर्तानेन यांना 1945 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. चाऱ्यासाठी नोबेल, आहे की नाही गंमत!

आपल्याकडेही असा चारा करतात, तो म्हणजे मुरघास. खड्ड्यात किंवा जाड प्लॅस्टिकच्या बॅगेत भरलेला हा मुरघास उन्हाळ्यात हिरव्या चाऱ्याची टंचाई झाली की उपयोगी पडतो. कुणाच्या गोठ्यात तो दिसला, तर विचारून मूठभर हातात घ्या आणि वास घ्या. आंबटगोड वास आला तर मुरघास झकास जमलाय. कुबट वास आला तर समजा, कुठूनतरी हवा आत शिरली!